व्हेनिसच्या जुन्या शहरात मुक्काम: पत्ता, पूल, बोट आणि दिवसाचा क्रम

व्हेनिसहून परतलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात: गर्दी फार, महाग फार आणि बॅगा उचलून जीव गेला. तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी टाळता येतात. पण त्यासाठीचे निर्णय घरी बसून, बुकिंगच्या आधी घ्यावे लागतात. तिथे पोहोचल्यावर हातात फारसं काही उरत नाही.

जुन्या शहरात मोटार, रिक्षा, सायकल यांपैकी काहीच चालत नाही. बस आणि टॅक्सी पियात्साले रोमा या चौकापर्यंत येतात, रेल्वे सान्ता लुचिया स्टेशनापर्यंत. त्यापुढे फक्त पाय आणि बोट. म्हणून हॉटेल किती ताऱ्यांचं आहे यापेक्षा ते बोटीच्या कुठल्या धक्क्याजवळ आहे आणि धक्क्यापासून दारापर्यंत किती पूल चढायचे, हे आधी बघायचं. खालचे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत.

## टप्पा १: आधी ठरवा, नक्की कुठे राहायचं

बुकिंगच्या साइटवर ‘व्हेनिस’ टाकलं की मेस्त्रे आणि मार्गेरा इथली हॉटेलंही यादीत येतात. ती व्हेनिस नगरपालिकेच्याच हद्दीत आहेत, पण खाडीच्या अलीकडे, मुख्य भूमीवर. भाडं कमी दिसतं म्हणून बरेच जण तिथे बुकिंग करतात. मेस्त्रेहून सान्ता लुचियाला लोकल गाडीने दहा-बारा मिनिटं लागतात, त्यामुळे अंतर ही अडचण नाही. अडचण अशी, की सकाळी सात आणि रात्री दहा या ज्या वेळा व्हेनिसच्या खऱ्या आहेत, त्याच हातून जातात. दुपारी तासभर पाठ टेकायला खोलीवर येणंही होत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: मेस्त्रेत तीन रात्री काढण्यापेक्षा जुन्या शहरात दोन काढा. पहाटेचं विमान असेल किंवा नुसती एक रात्र काढून पुढे जायचं असेल, तरच मेस्त्रे सोयीचं.

जुन्या शहराचे सहा भाग आहेत. त्यांना सेस्तिएरे म्हणतात.

कान्नारेज्जो. स्टेशनच्या सर्वांत जवळ. स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे वळलं की लिस्ता दी स्पान्या हा रस्ता लागतो. तो सान जेरेमिया चौकातून थेट ग्वील्ये पुलापर्यंत जातो आणि तिथवर मध्ये एकही पूल नाही. गुडघे दुखणारे आई-वडील सोबत असतील तर याच पट्ट्यात शोधा. हा रस्ता गजबजलेला असतो, म्हणून खोली मागच्या बाजूची मागा.

सान्ता क्रोचे आणि सान पोलो. बाजार आणि जुनी चर्चं जवळ. स्टेशनहून चालत गेलात तर समोरचा स्काल्त्सी पूल बॅगेसह चढावा लागतो. त्यापेक्षा बोटीने सान स्ताए, सान सिल्वेस्त्रो किंवा सान तोमा धक्क्यावर उतरणं बरं.

दोर्सोदूरो. दक्षिणेकडचा झात्तेरे हा पाण्याकाठचा लांबलचक रस्ता संध्याकाळी सुंदर असतो. सान्ता मार्गेरीता चौकाला लागून मात्र खोली घेऊ नका. तो विद्यार्थ्यांचा अड्डा आहे आणि रात्री उशिरापर्यंत जागा असतो.

कास्तेल्लो. याचा पूर्वेकडचा भाग, म्हणजे आर्सेनाले आणि जार्दीनी धक्क्यांचा परिसर, अजूनही रहिवाशांचा आहे. व्हीया गारीबाल्दी हा रुंद रस्ता म्हणजे बुजवलेला कालवा, त्यामुळे तिथे पुलांचा त्रास कमी. चार रात्री राहणार असाल तर आमची पहिली पसंती हीच.

सान मार्को. सर्वांत महाग, आणि दिवसभर गर्दीच्या ऐन मध्यात. पहिल्याच भेटीत लोक इथे हट्टाने खोली घेतात. गरज नाही.

> तपासा: जाहिरातीत सीआयएन हा राष्ट्रीय ओळख क्रमांक आहे का? इटलीत पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक जागेला तो जाहिरातीत दाखवावा लागतो. नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: पत्ता नीट मागून घ्या

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. व्हेनिसमध्ये घरांचे क्रमांक रस्त्याप्रमाणे नाहीत, तर अख्ख्या सेस्तिएरेला एकच सलग मालिका दिलेली आहे. कास्तेल्लोतले क्रमांक साडेसहा हजारांच्या पुढे जातात. टपालाच्या पत्त्यात नुसतं ‘कास्तेल्लो’ आणि चार आकडी क्रमांक असतो, रस्त्याचं नाव नसतंच. एका बोळातला शेवटचा क्रमांक आणि त्याच्या पुढचा क्रमांक यांच्यामध्ये कालवाही असू शकतो. रस्त्याच्या नावावर विसंबावं तर काल्ले देल फोर्नो, म्हणजे भट्टीची गल्ली, हे नाव शहरात अनेक ठिकाणी आहे.

बुकिंग पक्कं करण्याआधी यजमानाला या चार गोष्टी लेखी विचारा:

१. सर्वांत जवळच्या बोटीच्या धक्क्याचं नाव काय?
२. त्या धक्क्यापासून दारापर्यंत किती पूल आहेत?
३. गल्लीचं पूर्ण नाव आणि जवळच्या चौकाचं नाव काय?
४. खोली कितव्या मजल्यावर, आणि लिफ्ट आहे का?

शून्य किंवा एक पूल असेल तर उत्तम. दोन पूल चालतील. तीन किंवा जास्त सांगितले तर सामान आणि सोबतचे लोक बघून ठरवा. साधा छोटा पूल म्हणजेही दहा-पंधरा पायऱ्या वर आणि तितक्याच खाली. वीस किलोची बॅग घेऊन असे चार पूल म्हणजे शंभरेक पायऱ्या, त्याही गर्दीतून वाट काढत. जुन्या घरांत लिफ्ट क्वचितच असते आणि जिने अरुंद, उभे असतात. तळमजल्याची खोली त्यावर उपाय वाटते, पण तिथे ओल असू शकते. परीक्षणांत ‘दमट’ किंवा ‘वास’ असे शब्द शोधून बघा.

व्हीलचेअर किंवा काठी वापरणारं कुणी सोबत असेल तर नगरपालिकेचा सुगम्य व्हेनिसचा नकाशा उतरवून घ्या. बोटीने जाऊन एकही पूल न चढता फिरता येतील असे भाग त्यात दाखवलेले आहेत.

## टप्पा ३: सामान निम्म्यावर आणा

माणशी एक केबिन बॅग आणि एक पाठीवरची पिशवी, एवढंच जुन्या शहरात न्या. बोटीच्या तिकिटात लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५० सेंटिमीटरपर्यंतची एकच बॅग धरलेली असते. त्यावरच्या बॅगेला वेगळे पैसे पडतात. युरोपच्या लांब दौऱ्यात मोठ्या बॅगा असतीलच, तर त्या सान्ता लुचिया स्टेशनात फलाट १ जवळच्या सामानघरात ठेवा आणि दोन दिवसांचे कपडे घेऊन पुढे व्हा.

पूल चढताना कुणी न विचारता बॅगेला हात घातला, तर ठामपणे नको म्हणा, वर पोहोचल्यावर पैसे मागितले जातात. अधिकृत हमाल पियात्साले रोमा आणि स्टेशनसमोर मिळतात. दर आधी विचारून घ्या.

## टप्पा ४: पोहोचण्याचा मार्ग

रेल्वेने: तिकिटावर शेवटचं स्टेशन ‘व्हेनेत्सिया सान्ता लुचिया’ आहे ना, हे बघा. ‘व्हेनेत्सिया मेस्त्रे’ आधी येतं, आणि व्हेनिस ऐकून लोक घाईने तिथेच उतरतात. गाडी समुद्रावरच्या लांब पुलावरून जाईपर्यंत जागेवरच बसा. छापील लोकल तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारावा लागतो. तो राहिला की पैसे भरूनही दंड होतो.

विमानतळाहून: दोन रस्ते आहेत.

- बसने पियात्साले रोमा, वीस-पंचवीस मिनिटं. तिथून बोट.
- आलीलागूना या कंपनीची बोट. टर्मिनलहून धक्क्यापर्यंत आठ-दहा मिनिटांची छताखालची चाल आहे. नारिंगी मार्गिका कान्नारेज्जोतून रिआल्तो पुलाकडे जाते, निळी मार्गिका मुरानो बेट आणि फॉन्दामेंते नोवे धक्क्यावरून सान मार्कोकडे. वेळ तासभर किंवा जास्त.

खोली धक्क्याला लागून असेल तर आलीलागूना, नाहीतर बस. पाण्यावरची खासगी टॅक्सी दारापर्यंत सोडते पण शंभर युरोंच्या पुढे जाते. पाच-सहा जणांत वाटली तरच तिचा विचार करा.

> इशारा: पियात्साले रोमा आणि स्टेशन यांच्यामधला कोन्स्तितुत्सिओने पूल नकाशात सपाट दिसतो. प्रत्यक्षात त्याला रुंद, असमान पायऱ्या आहेत. जड बॅग असेल तर पियात्साले रोमाहूनच बोट घ्या.

## टप्पा ५: बोटीचं तिकीट

सार्वजनिक बोटीला वापोरेत्तो म्हणतात. २०२५ चे दर असे: एक तिकीट, ७५ मिनिटं, ९.५० युरो. पास २४ तासांचा २५ युरो, ४८ तासांचा ३५, ७२ तासांचा ४५ आणि सात दिवसांचा ६५. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ६ ते २९ वयाच्यांनी ६ युरोंचं रोलिंग व्हेनिस कार्ड घेतलं, तर ७२ तासांचा पास २७ युरोंना मिळतो. दोन्ही मिळून ३३ युरो झाले, तरी १२ वाचले. तिकिटाच्या खिडकीवर हे मागावं लागतं, कुणी आपणहून सांगत नाही.

हिशेब असा करा. दिवसात तीन सुटी तिकिटं म्हणजे २८.५० युरो, म्हणजे २४ तासांच्या पासापेक्षा महाग. पोहोचताना एक सुटं, मधल्या दिवशी मुरानो-बुरानो बेटांसाठी २४ तासांचा पास आणि परतताना एक सुटं, मिळून ४४ युरो. ७२ तासांचा पास ४५. एका युरोसाठी मन मारू नका, पास घ्या. मात्र सगळं पायीच फिरणार असाल तर पास वाया जातो. स्टेशनहून सान मार्कोपर्यंत मोकळ्या हाताने चालत अर्धा-पाऊण तास लागतो. विमानतळाची बस आणि आलीलागूना या साध्या पासात येत नाहीत.

तिकीट वापरताना:

१. धक्क्यावरच्या यंत्राला तिकीट लावा. हिरवा दिवा आणि आवाज येईपर्यंत थांबा.
२. प्रत्येक वेळी बोट बदलताना पुन्हा लावा, पास असला तरी.
३. एक तिकीट दोघांत चालत नाही.
४. बोर्डावर मार्गिकेचा क्रमांक आणि दिशा दोन्ही बघा. ४.१ आणि ४.२, तसंच ५.१ आणि ५.२ या शहराभोवती एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात.
५. सान झाक्कारियासारख्या मोठ्या थांब्यावर अक्षरं दिलेले वेगवेगळे धक्के आहेत. नाव बरोबर आणि अक्षर चुकीचं असेल तर बोट शेजारून निघून जाते.

मार्गिका १ मोठ्या कालव्यातून, म्हणजे ग्रँड कॅनालमधून, जवळपास प्रत्येक धक्क्याला थांबत जाते. पियात्साले रोमाहून सान मार्कोला पाऊण तास. मार्गिका २ कमी थांबे घेते. बोट धक्क्याला लागली की कर्मचारी दोर खुंट्याला गुंडाळतो, लोखंडी फाटक सरकवतो, आधी लोक उतरतात, मग आपण चढायचं. पाठीवरची पिशवी उतरवून हातात घ्या. तिथली रीतही तीच आहे आणि रिआल्तोजवळच्या गर्दीत पाकीटही सांभाळलं जातं.

## टप्पा ६: प्रवेश शुल्काचा कोड

२०२४ पासून वर्षातल्या ठरावीक दिवशी, सकाळी ८.३० ते दुपारी ४ या वेळात जुन्या शहरात येणाऱ्या दिवसभराच्या पाहुण्यांना शुल्क आहे: आधी भरलं तर ५ युरो, ऐनवेळी भरलं तर १०. मुक्कामाला येणाऱ्यांना ते माफ आहे, मेस्त्रेत राहणाऱ्यांनाही. पण ‘माफ’ म्हणजे ‘काहीच करायचं नाही’ असं नव्हे. नगरपालिकेच्या पोर्टलवर नोंद करून सवलतीचा क्यूआर कोड घ्यावा लागतो. तारखा दरवर्षी बदलतात, आपल्या तारखा बघून कोड फोनमध्ये साठवा.

मुक्कामाचा नगरपालिका कर वेगळा. तो दर माणशी दर रात्री हॉटेलातच द्यायचा असतो आणि बुकिंगच्या रकमेत बहुधा धरलेला नसतो. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ.

## टप्पा ७: रस्ता शोधणं

अरुंद बोळांत दोन्ही बाजूंना उंच भिंती असल्याने फोनवरचा निळा ठिपका पलीकडच्या गल्लीत उडी मारतो. त्याच्या मागे गेलात की समोर पाणी येतं. त्यापेक्षा भिंती वाचा. कोपऱ्यावर, डोक्याच्या बऱ्याच वर, पांढऱ्या चुन्याच्या चौकटीत काळ्या अक्षरांत नाव रंगवलेलं असतं. काल्ले म्हणजे गल्ली, काम्पो म्हणजे चौक, फॉन्दामेंता म्हणजे कालव्याकाठचा रस्ता, रिओ म्हणजे कालवा, सोत्तोपोर्तेगो म्हणजे घराखालून जाणारा बोगदा, आणि रामो म्हणजे फाटा. ‘रामो’ आणि ‘कोर्ते’ (म्हणजे अंगण) पुष्कळदा पुढे बंद असतात, तिथे वळताना जरा थांबा.

पिवळ्या पाट्या रिआल्तो, सान मार्को, रेल्वे आणि पियात्साले रोमा या चार ठिकाणांकडे नेतात. काही ठिकाणी एकाच नावाला डावा आणि उजवा असे दोन्ही बाण असतात. दोन्ही बरोबर आहेत, कमी गर्दीचा घ्या.

मोठ्या कालव्यावर पूल फक्त चार: कोन्स्तितुत्सिओने, स्काल्त्सी, रिआल्तो आणि आक्कादेमिया. मध्येच पलीकडे जायचं तर त्रागेत्तो, म्हणजे दोन नावाडी वल्हवतात ती पैलतीरी नेणारी गोंडोला, दोन युरोंत पार करून देते. मासळीबाजाराजवळचा सान्ता सोफियाचा त्रागेत्तो त्यातला सोयीचा. सुटे पैसे हातात ठेवा, कार्ड चालत नाही.

गोंडोलाची फेरी वेगळी. अधिकृत दर दिवसा ९० युरो, अर्धा तास; संध्याकाळी सातनंतर ११०. दर माणशी नाही, अख्ख्या नावेचा, आणि नावेत पाच जण बसतात. वेळ आणि मार्ग बसण्याआधी ठरवा. मोठ्या कालव्यापेक्षा आतल्या लहान कालव्यांतून नेणारा घ्या.

## टप्पा ८: दिवसाचा क्रम

बहुतेक जण अकरा ते चार सान मार्कोत काढतात. नेमक्या त्याच वेळी दिवसभराचे पाहुणे तिथे असतात. जुन्या शहरात राहण्याचे पैसे मोजलेत, तर हा क्रम उलटा करा.

सहा ते साडेआठ. सान मार्को चौक आणि रिआल्तो पूल आता बघा. रिआल्तोचा बाजार सकाळीच भरतो. मासळी रविवारी आणि सोमवारी नसते, भाजी रविवारी.

नऊला. दोजेंचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या शासकांचा राजवाडा, उघडतानाच्या वेळेचं आरक्षण करून. तीस दिवस आधी घेतलेलं तिकीट स्वस्त पडतं. त्यातच चौकातलं कोर्रेर संग्रहालयही येतं, तेव्हा ते टाकून देऊ नका. सान मार्को बासिलिका या चर्चसाठी खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पाठीवरची मोठी पिशवी आत नेता येत नाही, ती ठेवण्यात अर्धा तास जातो. खोलीवरच ठेवून या.

अकरा ते चार. कडांकडे सरका. कान्नारेज्जोतला सेन्सा आणि मिझेरिकोर्दिया कालव्यांचा काठ, पूर्व कास्तेल्लोतलं सान पिएत्रो, किंवा झात्तेरे. बेटांना वेगळा दिवस द्या. फॉन्दामेंते नोवेहून मार्गिका १२ बुरानोला पाऊण तासात नेते. आधी थेट बुरानो करा, येताना मुरानो. उलट केलं की बुरानोला सर्वाधिक गर्दीच्या वेळी पोहोचता.

रात्री. जेवण झाल्यावर मार्गिका १ ने एक फेरी. पास आहेच.

चौकात आणि पुलांच्या पायऱ्यांवर बसून खाणं, कबुतरांना दाणे टाकणं, कालव्यात पाय सोडणं किंवा पोहणं, सगळ्याला दंड आहे. बसायला बाक शोधा, नाहीतर जार्दीनीच्या बागेत जा. चौकांतल्या नळांचं पाणी पिण्याचं आहे, बाटली भरून घ्या.

## टप्पा ९: शाकाहारींनी इथे सावध राहावं

बारच्या काउंटरवर ब्रेडच्या तुकड्यांवर मांडलेले चिकेत्ती, म्हणजे तोंडात टाकायचे छोटे पदार्थ, शाकाहारी दिसतात, पण फसवतात. सायीसारखा पांढरा मऊ गोळा लावलेला दिसला तर तो बहुधा चीज नसतो, बाक्काला मान्तेकातो असतो, म्हणजे घोटलेला सुकवलेला मासा. परतलेला कांदा, बेदाणे आणि चिलगोजे यांचा थर दिसला तर खाली सार्डिन असतात. बीगोली इन साल्सा हा नुसत्या कांद्याचा पास्ता वाटतो, त्यात विरघळवलेले अँकोव्ही मासे असतात. भाजीचा रिसोत्तो, म्हणजे मऊ भाताचा प्रकार, हाही मांसाच्या किंवा माशाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो.

‘वेजेतारियानो’ एवढ्या एका शब्दावर थांबू नका. म्हणा: सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, म्हणजे मांस नको, मासा नको. रिसोत्तो किंवा सूपला विचारा: ब्रोदो वेजेताले? अंडं चालत नसेल तर ‘सेन्त्सा ऊओवा’ जोडा आणि ताजा पास्ता टाळा, त्यात अंडं असतं. कांदा-लसूण नको असेल तर ‘सेन्त्सा चिपोल्ला, सेन्त्सा आल्यो’. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध विरजवणारा घटक, असतं, काटेकोर शाकाहारींनी तेही वगळा. बिनधास्त मागण्यासारखं: पित्सा मारिनारा, ज्यात चीज नसतं, टोमॅटो आणि लसूण असतो, किंवा ग्रिल केलेल्या भाज्यांसोबत पोलेन्ता, म्हणजे आपल्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड.

जेवणाच्या वेळा साधारण साडेबारा ते अडीच आणि सातनंतर. मधल्या वेळेत बरीच स्वयंपाकघरं बंद असतात, हे मुलं सोबत असताना विसरू नका. बिलात कोपेर्तो, म्हणजे माणशी बैठकीचे पैसे, लागतात. कॉफी काउंटरवर उभ्याने घेतली तर टेबलापेक्षा बरीच स्वस्त, आणि सान मार्को चौकात वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचेही पैसे बिलात जोडले जातात.

> इशारा: कार्डाच्या यंत्रावर ‘रुपयांत द्यायचे की युरोत’ असं विचारलं तर नेहमी युरो निवडा. एटीएमवरही रूपांतर नाकारा.

## टप्पा १०: ऑक्टोबर ते मार्चमध्ये जाणार असाल तर

ही मोठ्या भरतीची वेळ. ११० सेंटिमीटर किंवा जास्त भरतीचा अंदाज असला की मोझे हे समुद्रातले दरवाजे उचलले जातात, त्यामुळे २०२० नंतर शहर बुडण्याचे प्रसंग कमी झाले. पण सान मार्को चौक त्याहून बराच खालच्या पातळीला आहे आणि दरवाजे न उचलताही तिथे पाणी साचतं. आदल्या रात्री भरतीचा अंदाज बघून सकाळचा बेत ठरवा. भरती येते तशी काही तासांत ओसरतेही, दिवस रद्द करण्याची गरज नसते. पाणी वाढलं की पुलांखालून जाणाऱ्या काही बोटींचे मार्ग बदलतात, म्हणून त्या दिवशी गाडी किंवा विमान असेल तर तासभर आधी निघा.

## निघायच्या आदल्या संध्याकाळी

खोलीपासून धक्क्यापर्यंत एकदा मोकळ्या हाताने चालून या. पूल मोजा, वळणं लक्षात ठेवा, धक्क्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. पहाटे पाचला सगळ्या मार्गिका सुरू झालेल्या नसतात, रात्रीची ‘एन’ मार्गिका वेगळी असते आणि ती प्रत्येक धक्क्याला थांबत नाही. पास रात्रीच संपत असेल तर सकाळचं तिकीट आत्ताच घेऊन ठेवा. पहाटे खिडकी बंद असते.